प्रकल्प नोंदी: सीपीएलचे तीस दिवस नेमके कधीपासून? (वॉशिंग्टन राज्य, २०२५)

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

काम हातात घेतलं: वॉशिंग्टन राज्यातल्या कन्सील्ड पिस्टल लायसन्सवर, म्हणजे पिस्तूल कपड्याआड बाळगण्याच्या परवान्यावर, मराठीत चार पानी माहितीपत्रक. वाचक किंग आणि स्नोहोमिश काउंटीतली मराठी मंडळी. यापुढे नोंदीत नुसतं सीपीएल लिहू.

सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "किती दिवस लागतात?" आणि ठरलेलं उत्तर मिळतं, "तीस दिवस". उत्तर खोटं नाही, पण ते तीस दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे हे त्यात येत नाही. पत्रकाचा भर इथेच ठेवायचा.

आधार राज्य संहितेच्या ९.४१.०७० या कलमाचा. अर्ज दाखल झाल्यावर शहराच्या पोलीसप्रमुखाने किंवा काउंटीच्या शेरीफने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. दोन प्रकारच्या अर्जदारांसाठी हीच मुदत ६० दिवस होते: ज्याच्याकडे वॉशिंग्टनचं कायमस्वरूपी ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र नाही, आणि जो गेले सलग ९० दिवस या राज्यात राहिलेला नाही. दोन्हींपैकी एक लागू झालं तरी पुरे. न्यू जर्सीहून महिन्यापूर्वी आलेल्याने इथलं लायसन्स लगेच काढलं तरी तो ६० दिवसांतच मोडतो. लोक इथे हमखास चुकतात, म्हणून ही ओळ पहिल्या पानावर ठळक छापायची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहिल्या पानाखाली एक चौकट घालायची ठरली. वाचक भारतातला शस्त्र परवाना डोळ्यांसमोर ठेवून वाचणार आणि तिथेच घोटाळा होणार.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, शस्त्र का हवं हे पटवून द्यावं लागतं आणि घेतलेल्या शस्त्राची नोंद परवान्यावर चढते. सीपीएलवर कोणत्याही पिस्तुलाचा क्रमांक नसतो. तो हत्याराचा परवाना नाही, बाळगण्याच्या पद्धतीचा आहे. कारण विचारत नाहीत. वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याने घातलेली कोणतीही बंदी लागू नसेल, तर परवाना द्यावाच लागतो, अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नाही. "ओळख काढावी लागेल का?" हा प्रश्न इथे गैरलागू.

राहत्या घरात किंवा स्वतःच्या कायम धंद्याच्या जागेत पिस्तूल अंगावर ठेवायला सीपीएल लागतच नाही. मोटेल किंवा दुकान चालवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. निम्म्या लोकांना मुळात जे हवं असतं त्यासाठी हा परवाना नाहीच. गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवायचं असेल तर मात्र लागतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस व्हिसाच्या भागावर. चुकीची किंमत सर्वात मोठी इथेच आहे, म्हणून शब्द मोजून लिहिले.

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना वेगळा अडथळा नाही. ग्रीन कार्डधारकाने अर्जात आपला एलियन क्रमांक आणि नागरिकत्वाचा देश लिहायचा. जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचा पुरावा मागायचा नाही, असं कायद्यातच आहे.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांचं तसं नाही. केंद्रीय कायद्याने बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाही बंदी आहे. त्यातली नेमबाजीच्या रेंजवरच्या लोकांना माहीत असलेली पळवाट म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. "शिकारीचं लायसन्स काढ, झालं काम" हा सल्ला त्यातूनच आला. तो अर्धाच आहे, कारण वॉशिंग्टन राज्याची स्वतःची अट वर उरतेच: राहत्या काउंटीच्या शेरीफकडून एलियन फायरआर्म लायसन्स, म्हणजे परदेशी नागरिकाचा बंदूक परवाना. ते दोन वर्षांसाठी असतं आणि ते हातात असल्याशिवाय अशा माणसाच्या सीपीएलच्या अर्जाला अर्थ नाही. शिवाय वॉशिंग्टनचा शिकार परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. ३१ मार्चला तो संपला आणि नवा घेतला नाही, तर १ एप्रिलच्या सकाळी केंद्रीय सवलतही संपलेली असते, मग शेरीफच्या कागदावर तारीख काहीही असो.

"जवळ बाळगणे" यात रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही येतं. शनिवारी ऑफिसच्या टीमबरोबर मजा म्हणून जाणाऱ्यांसाठी हे वाक्य वेगळं ठेवलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला जास्तीत जास्त १५ वर्षांची कैद आहे, आणि शस्त्राच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढण्याची तरतूद स्थलांतर कायद्यात स्वतंत्र आहे.

ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे म्हणजे ग्रीन कार्ड आहे असं नव्हे. वर्क परमिटचं कार्ड हातात असलं तरी राज्याच्या लेखी माणूस कायमचा रहिवासी होत नाही. भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे हे वाचकाला सांगायची गरज नाही. बऱ्याच जणांचे "तीस दिवस" त्या रांगेच्या शेवटी सुरू होतात.

पत्रकात इथे एकच सूचना ठेवली: नागरिकत्व किंवा ओळखीबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खोट्या शपथेचा गुन्हा लागतो आणि सीपीएल मिळण्याची पात्रता कायमची जाते. शंका असेल तर खिडकीवर जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, खिडकीवरच्या कारकुनाला विचारून निर्णय घेऊ नका.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कोणत्या खिडकीवर जायचं याचा तक्ता केला. नियम सोपा आहे: शहराच्या हद्दीत राहत असाल तर शहर पोलीस किंवा काउंटी शेरीफ, दोन्ही चालतात, हद्दीबाहेर असाल तर फक्त काउंटी शेरीफ.

अडचण पत्त्याची. टपालाच्या पत्त्यातलं शहर आणि प्रत्यक्ष हद्द जुळतेच असं नाही. रेडमंड रिजच्या पत्त्यात "रेडमंड" येतं, पण ती वस्ती शहराच्या हद्दीबाहेर, थेट किंग काउंटीत आहे. तिथला माणूस रेडमंडच्या पोलीस ठाण्यात अपॉइंटमेंट घेऊन बसला तर दिवस फुकट. बॉथेलची गंमत निराळी: शहर अर्धं किंग काउंटीत, अर्धं स्नोहोमिशमध्ये, आणि "बॉथेल" पत्त्याची कितीतरी घरं शहरातच नाहीत. समामिशची पोलीस सेवा किंग काउंटी शेरीफकडून कराराने घेतलेली आहे, तेव्हा तिथे दोन पाट्या दिसल्या तरी गोंधळू नये.

खात्री करायची तर काउंटीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात घराचा पार्सल, म्हणजे नोंदलेला जमिनीचा तुकडा, शोधायचा. मालमत्ता कराच्या कागदावरही हद्द कळते. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला विचारावं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

फी. पहिल्या पाच वर्षांच्या परवान्याची ३६ डॉलर, अधिक एफबीआयचं बोटांच्या ठशांच्या तपासणीचं शुल्क. सगळं मिळून पन्नास डॉलरच्या आसपास. परवाना नाकारला तरी फी परत मिळत नाही.

३६ ची वाटणी कायद्यातच लिहिली आहे: १५ राज्याच्या सर्वसाधारण निधीत, ४ ठसे घेणाऱ्या कार्यालयाला, १४ परवाना देणाऱ्याला, २.१६ नेमबाजीच्या रेंजसाठीच्या खात्यात आणि ०.८४ नूतनीकरणाच्या सूचना पाठवण्याच्या खात्यात. यावर कोणत्याही शहराला किंवा काउंटीला स्वतःची जादा फी लावता येत नाही. रोख, चेक किंवा मनीऑर्डर यातलं काय द्यायचं हे अर्जदाराने ठरवायचं. कार्ड घ्यायचं की नाही हे कार्यालयाने. म्हणून पत्रकात: "फक्त कार्ड घेऊन जाऊ नका."

मंगळवार, ४ मार्च

मुदत मोजून पाहिली. आजचीच तारीख अर्ज दाखल झाल्याची धरली. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिला दिवस सोडायचा, शेवटचा धरायचा. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुटीचा आला तर पुढचा कामाचा दिवस.

३० दिवस: गुरुवार, ३ एप्रिल. ६० दिवस: ३ मे येतो, तो शनिवार, म्हणून सोमवार, ५ मे.

हे कामाचे दिवस नाहीत, पंचांगाचे आहेत. मधले शनिवार-रविवार धरूनच मोजायचे. "तीस दिवस" ऐकून सहा आठवडे धरणारे आणि अपॉइंटमेंट घेतल्याच्या दिवसापासून मोजणारे, दोघेही चुकतात.

खरी खोट इथे आहे: मुदत अर्ज दाखल झाल्यापासून सुरू होते, आणि पहिल्या अर्जाला ठसे लागत असल्यामुळे प्रत्यक्ष जावंच लागतं. म्हणजे ठशांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली, तर ते तीन आठवडे कुठल्याच हिशेबात येत नाहीत. पूर्ण भरलेला अर्ज कामकाजाच्या वेळेत स्वीकारायला नकार देता येणार नाही, असं त्याच कलमात स्पष्ट आहे. २०२० मध्ये कोविडमुळे ठिकठिकाणी ठसे घेणं थांबलं तेव्हा या वाक्यावरून बरीच ओढाताण झाली होती. खिडकीवर हे वाक्य म्हणून दाखवून भांडण्यापेक्षा दोन कार्यालयांच्या तारखा पाहाव्यात हे बरं. शहरात राहणाऱ्याला शहर आणि काउंटी असे दोन पर्याय आहेत. हद्दीबाहेरच्याला एकच.

तातडीचं सबळ कारण असेल तर तपासणी चालू असताना तात्पुरता आपत्कालीन परवाना देण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. तो हक्क नाही. आणि त्यामुळे पूर्ण तपासणी टळतही नाही.

रविवार, ९ मार्च

नावांचा भाग. इंग्रजी मार्गदर्शिकांत हे एका ओळीत संपतं, "पूर्ण कायदेशीर नाव लिहा". मराठी माणसाला ती ओळ पुरत नाही.

भारतीय पासपोर्टच्या "गिव्हन नेम" रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. इथे आल्यावर कुठे ते दोन्ही पहिल्या नावात गेलं, कुठे वडिलांचं नाव मधल्या नावात, कुठे नुसतं आद्याक्षर उरलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं, अर्जावर तिसरं, असं झालं की तपासणारा ते हाताने जुळवत बसतो.

बायकांच्या बाबतीत तिढा जास्त. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांऐवजी नवऱ्याचं होतं आणि काही घरांत पहिलं नावही बदलतं. म्हणजे एका व्यक्तीच्या नावाचे तीनही भाग वेगळे असलेले दोन संच. इथल्या "मेडन नेम" या कल्पनेत फक्त आडनाव बसतं. म्हणून "इतर नावे" या रकान्यात नुसतं माहेरचं आडनाव लिहू नका, लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा.

पत्रकात ठरवलेला क्रम: मुख्य रकान्यात खिडकीवर दाखवणार त्या ओळखपत्रावरचं नाव, अक्षरन् अक्षर. बाकी कागदांवरची सगळी रूपं "इतर नावे" मध्ये. स्पेलिंगमधला फरकही, म्हणजे "व्ही" की "डब्ल्यू", शेवटी "ई" आहे की नाही. जागा अपुरी पडली तर वेगळा कागद.

जन्मगाव: कागदावर जे आहे तेच. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद असेल तर औरंगाबादच लिहायचं, छत्रपती संभाजीनगर नाही. धाराशिवचंही तसंच. तिथे अभिमानाचा प्रश्न आणायचा नाही, रकाना जुळवायचा आहे.

पत्ता राहता हवा, पोस्टाची पेटी चालत नाही. फोन आणि ईमेल ऐच्छिक आहेत, पण द्यावेत. किरकोळ शंका एका फोनवर मिटते.

शनिवार, १५ मार्च

ठसे. संपूर्ण संच म्हणजे कार्डावर १४ चौकटी: दहा बोटं एकेक करून, मग प्रत्येक हाताची चार बोटं एकत्र टेकवून, मग दोन्ही अंगठे टेकवून. एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवतात. अंगठा अंगाकडे, बाकीची बोटं अंगापासून बाहेर. घेणारा कर्मचारी बोट धरतो तेव्हा हात सैल सोडायचा. अर्जदार मदत करायला म्हणून स्वतः दाबतो आणि रेषा एकमेकींत मिसळतात. पडद्यावर बोटाऐवजी काळा डाग दिसतो. नजर काचेकडे न ठेवता समोरच्या भिंतीकडे ठेवली की मनगट आपोआप सैल राहतं.

आपल्याकडची खास अडचण मेंदी. बोटांच्या पेरांवर गडद रंग असेल तर स्कॅनरला रेषा आणि रंग यातला फरक नीट कळत नाही. लग्नसराईत किंवा मंगळागौरीच्या आगेमागे अपॉइंटमेंट घेऊ नये. टोकांवरचा रंग पूर्ण उतरू द्यावा. विळीवर चिरताना पेर कापलं असेल तर ती जखमही भरू द्यावी. कोरड्या हाताच्या लोकांनी आधीचे सात-आठ दिवस रात्री मलम किंवा खोबरेल लावावं, पण त्या दिवशी सकाळी काही लावू नये. तेलकट बोट काचेवर घसरतं.

ठसे एफबीआयकडून अस्पष्ट म्हणून परत आले तर पुन्हा द्यावे लागतात. दोनदा परत आले तर नावावरून तपासणी करून घेण्याचा मार्ग आहे. वय झालेल्यांच्या रेषा झिजलेल्या असतात, तेव्हा सत्तरीच्या आई-वडिलांसाठी अर्ज करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

गुरुवार, २० मार्च

पार्श्वभूमी तपासणी. केंद्राची एनआयसीएस प्रणाली, राज्य पोलिसांची माहिती, राज्याच्या आरोग्य प्राधिकरणाची नोंद, शिवाय गरजेप्रमाणे इतर. अर्जावर सही करणं म्हणजे पात्रतेपुरती मानसिक आरोग्याची माहिती देण्यास संमती. यावर लोक दचकतात. समुपदेशकाकडे जाणं किंवा नैराश्याची गोळी चालू असणं ही बंदी नाही. बंदी येते ती सक्तीने दाखल केल्याच्या आदेशाने.

उशिराचं नेहमीचं कारण म्हणजे निकाल न नोंदलेलं जुनं प्रकरण. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात अटक झाली, खटला रद्द झाला, पण नोंदवहीत फक्त अटक दिसते. तेव्हा त्या न्यायालयाकडून निकालाची प्रमाणित प्रत अर्जाच्या आधीच मागवावी. घरगुती हिंसाचाराची शिक्षा, शस्त्र ठेवण्यास मनाई करणारा चालू संरक्षण आदेश, किरकोळ गुन्ह्याचं का होईना पण बाकी असलेलं वॉरंट, यापैकी काहीही असेल तर आधी ते प्रकरण, मग अर्ज.

गांजा. या राज्यात २०१२ च्या जनमतानंतर तो कायदेशीर आहे, केंद्रीय कायद्यात नाही, आणि केंद्राच्या लेखी त्याचा सेवनकर्ता शस्त्र बाळगू शकत नाही. राज्याचा परवाना हा केंद्रीय खटल्यात बचाव ठरत नाही, असा इशारा खुद्द अर्जावर छापलेला असतो. कोणी वाचत नाही. पत्रकात मराठीत दिला.

नकार आला तर लेखी कारण मागा. चुकीचा नकार असेल तर काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात आदेशासाठी जाता येतं.

शनिवार, २९ मार्च

परवाना मिळाल्यानंतरचं अर्धं पान. परवाना बरोबर ठेवायचा, पोलिसाने मागितला तर दाखवायचा. घरी विसरला तर दंड. एकवीसखालच्यांना मज्जाव असलेले बार, न्यायालयाचा भाग, विमानतळावरचा तपासणीपलीकडचा भाग इथे सीपीएल चालत नाही. गाडीत पिस्तूल सोडून जायचं तर गाडी कुलूपबंद आणि पिस्तूल बाहेरून न दिसणारं हवं.

शाळेचा मुद्दा मुद्दाम मोठा केला. मराठी शाळा आणि गणेशोत्सव बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत असतात. रविवार आहे, शाळा बंद आहे, म्हणून ती शाळेची जागा राहत नाही असं नाही. विद्यार्थ्याला सोडताना किंवा घेताना सीपीएलधारकाला सवलत आहे, पण ती आरतीला थांबण्याइतकी ताणायची नाही. कार्यक्रमाला जाताना पिस्तूल घरी, कुलपात. मुलांच्या हाती लागेल असं ठेवल्यास १ जुलै २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा लागू शकतो.

ओरेगन हा परवाना मानत नाही. पोर्टलंडला जाताना कोलंबिया नदीच्या अलीकडे हे आठवायला हवं.

शनिवार, १२ एप्रिल

नूतनीकरण. फी ३२ डॉलर; मुदतीनंतर १० जादा. अर्जाचा काळ मुदतीच्या आधी ९० दिवस ते नंतर ९० दिवस. नमुना: परवाना १५ जून २०२५ ला संपतो, तर १७ मार्च ते १३ सप्टेंबर. त्यानंतर नव्याने अर्ज, नव्याने ठसे. आणि नंतरचे ९० दिवस हे अर्ज करण्यासाठी आहेत, बाळगण्यासाठी नाहीत; १६ जूनला कपड्याआड पिस्तूल असेल तर ते विनापरवाना. लवकर केलं तर दिवस वाया जात नाहीत, कारण नवा परवाना जुना संपल्याच्या तारखेपासून धरतात. पार्श्वभूमी तपासणी मात्र दर वेळी होते.

बुधवार, २१ मे

छपाई थांबवली. राज्यपाल बॉब फर्ग्युसन यांनी काल विधेयक ११६३ वर सही केली. १ मे २०२७ पासून बंदूक विकत घ्यायलाच आधी राज्य पोलिसांचा परवाना लागेल, त्यासाठी प्रत्यक्ष गोळीबारासह प्रशिक्षण, आणि सीपीएलसाठीही जादा अटी. आजपर्यंत सीपीएलला प्रशिक्षणाची अट नव्हती. विकत घेताना ती २०२४ च्या सुरुवातीपासून आहेच, शिवाय कामाचे दहा दिवस थांबणं. हातात सीपीएल असल्याने ते दहा दिवस आता वाचत नाहीत.

पत्रकात केलेले बदल: मुखपृष्ठावर "१ मे २०२७ पूर्वीच्या अर्जांसाठी" ही ओळ. दुसऱ्या पानावरचं "प्रशिक्षण लागत नाही" हे वाक्य तारखेसह. तिसऱ्या पानावरचा मुदतीचा तक्ता तसाच. नावांच्या भागात आणखी एक रकाना वाढवला, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर नाव कोणतं लिहून घ्यायचं यासाठी: ओळखपत्रावरचं, अक्षरन् अक्षर.